घरातले कार्यालय आणि विम्याचे छत्र

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात नळाची एक जोडणी मध्यरात्री निखळली आणि पहाटेपर्यंत छतातून उतरलेले पाणी नेमके आमच्या कामाच्या टेबलावर साचले. टेबलावर तीन वस्तू होत्या. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप, मी स्वतः विकत घेतलेला प्रिंटर आणि आठ वर्षांचे काम साठवलेली एक हार्ड डिस्क. तिन्ही निकामी झाल्या. घराचा विमा उतरवलेला होता. गृहकर्ज घेताना तो उतरवला आणि विमापत्र कपाटात ठेवून दिले, ते पहिल्यांदा पूर्ण वाचले त्या सकाळी. प्रिंटरची भरपाई मिळाली. हार्ड डिस्कच्या डबीची किंमत मिळाली, आत साठवलेल्या कामाची नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र विमा कंपनीचे उत्तर सरळ होते: ही वस्तू आपल्या मालकीची नाही. कार्यालयाकडे विचारणा केली, तेव्हा तेथील विमापत्रात 'कार्यालयाच्या जागेतील' उपकरणे असा शब्दप्रयोग निघाला. एकाच टेबलावरच्या, एकाच पाण्याने भिजलेल्या तीन वस्तूंना तीन वेगवेगळे न्याय लागले.

घरून काम करणाऱ्यांची संख्या आता लक्षणीय झाली आहे. घरात काम कसे करावे, याविषयी सल्ले पुष्कळ मिळतात. पण घर हेच कामाचे ठिकाण झाले की जोखमीचा हिशेबही बदलतो, याचा विचार सहसा नुकसान झाल्यावरच होतो. या लेखात दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचा प्रयत्न केला आहे, कारण त्या वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

जुनीच पद्धत, नवे नाव

घरी बसून मजुरीचे काम करणे महाराष्ट्राला नवीन नाही. सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरीच विड्या वळत आल्या आहेत. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या कर्जावर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाचा सारा डोलारा पीठ घरी नेऊन पापड लाटून आणणाऱ्या भगिनींवर उभा राहिला. नवीन आहे ते कार्यालयीन काम घरात येणे. १९७३ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, जॅक नाइल्स या अमेरिकी अभियंत्याने या पद्धतीला 'टेलिकम्युटिंग' हे नाव दिले. आपल्याकडे ती मार्च २०२० च्या टाळेबंदीमुळे एका रात्रीत घरोघरी पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व तत्सम सेवांवरील नोंदणीची अट काढून टाकली आणि घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला दूरस्थ प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. त्यामुळे तात्पुरती सोय म्हणून आलेली पद्धत कायमची झाली.

घरी काम जास्त होते की कमी, या प्रश्नावर चहाच्या टेबलावर कितीही वाद घालता येतील. सुदैवाने काही मोजमापे उपलब्ध आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातील बहुतांश वाढ प्रत्यक्ष कामाची मिनिटे वाढल्यामुळे होती, कारण मधल्या सुट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु या प्रयोगाची एक अट सहसा सांगितली जात नाही. घरी कामासाठी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड जोडणी असणाऱ्यांनाच त्यात प्रवेश होता. शिवाय प्रयोग संपल्यावर अनेकांनी एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतणे पसंत केले.

आपल्या परिस्थितीला जवळचा अभ्यास चेन्नईचा आहे. डेव्हिड अ‍ॅटकिन, अ‍ॅन्टोनेट शोआर आणि सुमित शिंदे यांनी तेथे माहिती-नोंदणीचे काम करणाऱ्यांची चिठ्ठी टाकावी तशी घर आणि कार्यालय अशी विभागणी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार घरी बसलेल्यांची उत्पादकता कार्यालयातील सहकाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होती आणि यातील दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. विशेष म्हणजे ज्यांना घरून काम करणे मनापासून हवे होते, त्यांचीच घरातली घसरण अधिक होती. याचे एक कारण उघड आहे. घरी राहणे ज्यांना गरजेचे असते, त्यांच्यावर बहुधा घरातल्या अन्य कामांचा भारही असतो. आठवड्यातून दोन दिवस घरी आणि उरलेले कार्यालयात, या मधल्या मार्गाची चाचणी ब्लूम यांनी पुढे त्याच चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर घेतली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कामगिरीत काही फरक आढळला नाही, पण नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले.

तेव्हा घर आपोआप उत्पादकता वाढवीत नाही आणि घटवीतही नाही. जागा, शांतता आणि घरातल्यांची समज या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. मुंबई-पुण्यातील घरांत यांपैकी पहिलीच दुर्मीळ.

जागा, वेळ आणि शिट्ट्या

स्वतंत्र खोली नसेल तर किमान स्वतंत्र कोपरा हवा आणि तो रोज तोच हवा. सकाळी जेवणाच्या टेबलावर, दुपारी पलंगावर आणि संध्याकाळी गॅलरीत असे फिरते कार्यालय पाठीला व कामाला दोन्हींना बाधते. खुर्चीवर बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली पाहिजे. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून वेगळा कळफलक जोडला, तर हे सहज साधते. खिडकी पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवावी, म्हणजे पडद्यावर चकाकी येत नाही. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला साधा आहे, पण तो पाळणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही. मीही पाळत नाही, आणि त्याची किंमत डोळ्यांत रोज संध्याकाळी थेंब टाकून मोजतो.

वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'घरीच आहेस ना, मग सिलिंडर तेवढा घे' हे वाक्य ऐकले नाही असा घरून काम करणारा विरळा. शेजाऱ्यांची कुरिअरे, मुलांची शाळेची बस, सोसायटीच्या टाकीची सफाई, हे सारे घरी असलेल्या माणसाकडे ओघाने येते, आणि ती जर घरातली सून असेल तर विचारायलाच नको. तिची कार्यालयीन बैठक आणि कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी चालतात. यावर उपाय तंत्रज्ञानात नाही. घरातल्यांना बसवून, कोणते तास कामाचे आणि त्या तासांत दार कोण उघडणार, हे एकदा स्पष्ट ठरवावे लागते. तसेच काम संपण्याची वेळही ठरवावी. कार्यालयात दिवे मालवले जातात. घरातल्या लॅपटॉपला तशी वेळ नसते.

वीज आणि इंटरनेट यांकडे मात्र खर्चाच्या नव्हे, तर हजेरीच्या दृष्टीने पाहावे. राउटरपुरती छोटी यूपीएस बसवली तरी वीज गेल्यावर निदान बैठक तुटत नाही. दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट हाताशी असावे. याहून महत्त्वाचे असे की, एकाच सॉकेटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड, त्यात दुसरा बोर्ड आणि त्यात लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर, पंखा ही जी माळ लावली जाते, ती आगीला आमंत्रण ठरू शकते. जुन्या इमारतींतील वायरिंग दिवसभराच्या एवढ्या भारासाठी केलेले नसते. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळतीचा प्रवाह खंडित करणारा आरसीसीबी बसवावा. इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. पडद्याआड, कपड्यांच्या कपाटाखाली नव्हे.

घराच्या विमापत्रात काय असते

विजेच्या या मुद्द्यावरूनच विम्याकडे वळता येते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र लागू केले. ते विकणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या मूळ अटी सारख्याच असतात. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, तसेच पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा ओसंडणे यांमुळे होणारे नुकसान त्यात येते. परंतु एखादे विद्युत उपकरण अतिभाराने किंवा शॉर्टसर्किटने स्वतःच जळाले, तर त्या उपकरणाची भरपाई मिळत नाही. त्यातून भडकलेल्या आगीने इतर सामान जळाले, तर त्याची मिळते. व्होल्टेजच्या झटक्याने मदरबोर्ड गेला म्हणून दावा करणाऱ्यांची निराशा होते, ती या कलमामुळे.

दुसरा गैरसमज चोरीविषयी. घराचा विमा म्हणजे चोरीचाही विमा, असे बहुतेकांना वाटते. या विमापत्रात चोरी अंतर्भूत आहे ती केवळ आग, पूर यांसारखी विमित दुर्घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत आणि त्या दुर्घटनेच्या परिणामी झालेली. कुलूप तोडून लॅपटॉप नेला, तर त्यासाठी घरफोडीचे स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते. ते जोडूनही घेता येते किंवा 'गृहस्थ विमा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकत्रित विमापत्रांतूनही मिळते.

तिसरी बाब रकमेची. इमारतीचा विमा बाजारभावाने नव्हे, तर पुन्हा बांधकाम करण्याच्या खर्चाने काढला जातो, कारण जमीन जळत नाही की वाहून जात नाही. घरातील सर्वसाधारण सामानाचा विमा वेगळी यादी न देता इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांइतका, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत गृहीत धरला जातो. समजा, ६०० चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला ३,००० रुपये धरला. इमारतीची विमा रक्कम झाली १८ लाख आणि सामानाची तीन लाख ६० हजार. फ्रिज, दूरचित्रवाणी, फर्निचर, कपडे, भांडी आणि त्यावर पती-पत्नीची मिळून दोन कार्यालये एवढ्यात बसतील का, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरात फिरून करावा. कमी पडत असेल तर वस्तूंची यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना केवळ सामानाचा विमा घेता येतो, हे भाडेकरूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. घरमालकाच्या विम्यातून भाडेकरूच्या सामानाला छदामही मिळत नाही. तसेच गृहकर्जाबरोबर घेतलेले विमापत्र केवळ इमारतीचे आहे की सामानाचेही, हे पाहावे.

आणि आता मुख्य मुद्दा, निवासी वापराचा. हे विमापत्र राहत्या घरासाठी आहे आणि त्यातील सामान म्हणजे घरगुती वापराच्या वस्तू, अशी त्याची व्याख्या आहे. नोकरदाराने टेबलावर लॅपटॉप ठेवून काम केले म्हणून घर व्यापारी होत नाही. परंतु दिवाणखान्यात शिकवणीचे वर्ग भरू लागले, एका खोलीत शिलाईची सहा यंत्रे आली किंवा मसाल्याच्या गोण्या साठू लागल्या, की प्रश्न निर्माण होतो. विक्रीसाठीचा माल हे घरगुती सामान नव्हे. अशा वेळी विमापत्रातील वापराविषयीचे कलम वाचावे आणि घरात नेमके काय चालते ते विमा कंपनीला लेखी कळवून तशी पुरवणी मागावी. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो; महत्त्वाची वस्तुस्थिती लपवली, तर दाव्याच्या वेळी तीच आडवी येते. छोट्या उद्योगांसाठी २०२१ पासूनच 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हे प्रमाणित विमापत्र उपलब्ध आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ते आहे. त्यामुळे घरगुती पापड-मसाल्याच्या व्यवसायालाही ते घेता येते. सोसायटीचे नियम आणि वीजजोडणीचा वर्ग याही गोष्टी तेव्हाच तपासलेल्या बऱ्या.

पाण्याचा धोका मुंबई-पुण्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सीपीयू जमिनीवर ठेवण्याची सवय सोडावी, हा उपाय कोणत्याही हप्त्यापेक्षा स्वस्त आहे. भिंतीतून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीची भरपाई मात्र कोणत्याही विम्यातून मागता येत नाही. अकस्मात घडलेली घटनाच विम्याच्या कक्षेत येते.

लॅपटॉप कोणाचा?

कार्यालयाने दिलेल्या उपकरणांचा विमा कार्यालयानेच उतरवायचा असतो. कंपन्या त्यासाठी 'इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा' घेतात. त्यात यंत्राची मोडतोड, माहिती साठवणारी साधने आणि पर्यायी व्यवस्थेचा वाढीव खर्च असे विभाग असतात. पण या विमापत्रात उपकरणांचा पत्ता नोंदलेला असतो. उपकरण घरी आले की ते पत्त्याबाहेर जाते. तेव्हा वाहून नेण्याजोग्या उपकरणांना भारतभर कोठेही संरक्षण देणारी पुरवणी घेतली आहे का, हे कर्मचाऱ्याने कंपनीच्या प्रशासन विभागाला ई-मेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. चोरी झाल्यास भरपाई पगारातून कापली जाईल का, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. प्रश्न अवघड वाटतो, पण लॅपटॉप रिक्षात विसरल्यानंतर विचारणे त्याहून अवघड असते. उभ्या गाडीच्या मागच्या आसनावर, कोणी लक्ष ठेवायला नसताना ठेवलेल्या उपकरणाची चोरी बहुतेक विमापत्रे नाकारतात, हेही लक्षात असू द्यावे.

स्वतंत्र व्यावसायिकांनी, म्हणजे भाषांतरकार, वास्तुरचनाकार, संगणक-प्रणाली लिहिणारे, कर सल्लागार यांनी हाच विमा स्वतःच्या नावाने घ्यावा. येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. 'भारत गृह रक्षा'मध्ये कमी रकमेचा विमा घेतल्याबद्दल दाव्यात प्रमाणशीर कपात होत नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विम्यात ती होते. एक लाख रुपयांच्या यंत्राचा विमा ६० हजारांनाच उतरवला आणि २० हजारांचे नुकसान झाले, तर हाती १२ हजारच पडतात, तेही ठरावीक वजावट वगळून. विमा रक्कम त्याच प्रतीच्या नव्या यंत्राच्या आजच्या किमतीइतकी ठेवावी. आणि साठवलेले काम? विमा कंपनी फार तर ते परत उभे करण्याचा ठरावीक खर्च देईल. तेवढ्यासाठी एक प्रत घराबाहेर आणि एक ऑनलाइन साठवणीत ठेवण्याचा नियम मी तरी आठ वर्षे उशिरा शिकलो.

चूक, चोरी आणि चिकटलेली जबाबदारी

व्यावसायिक सल्ला देणाऱ्यांना आणखी एका जोखमीला तोंड द्यावे लागते. आपल्या चुकीमुळे ग्राहकाचे नुकसान झाले आणि त्याने भरपाई मागितली, तर? यासाठी व्यावसायिक दायित्व विमा असतो. तो 'दावा दाखल होण्याच्या तारखेवर' चालतो. चूक कोणत्याही वर्षी झालेली असो, दावा येईल तेव्हा विमापत्र चालू असले पाहिजे आणि चूक त्यात नमूद केलेल्या पूर्वलक्ष्यी तारखेनंतरची असली पाहिजे. मध्येच एक वर्ष नूतनीकरण राहिले, तर आधीच्या साऱ्या वर्षांचे संरक्षण वाऱ्यावर जाऊ शकते. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांनी विमापत्राचे भौगोलिक क्षेत्र आणि न्यायाधिकार क्षेत्र भारतापुरते आहे का, ते पाहावे.

संगणकीय फसवणुकीसाठी व्यक्तिगत सायबर विमा मिळतो. त्याच्या रचनेविषयी नियामकाने सप्टेंबर २०२१ मध्ये मार्गदर्शक कागदपत्र काढले. परंतु व्यक्तिगत विमापत्रांत व्यवसायातील नुकसान बहुधा वगळलेले असते. बँक खात्यातून पैसे गेले तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. ग्राहकांची वैयक्तिक माहिती घरच्या संगणकावर ठेवणाऱ्यांनी २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची दखल घ्यावी. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुलाच्या खेळांसाठी आणि ग्राहकांच्या विवरणपत्रांसाठी एकच संगणक वापरणे आता परवडणारे नाही.

माणसाचा विमा

वस्तूंपेक्षा माणूस महत्त्वाचा, पण विम्याच्या बोलण्यात तो नेहमी शेवटी येतो. घरी कामाच्या वेळेत जिन्यावरून पडून हात मोडला, तर तो कामावरचा अपघात का? 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' घडलेला अपघात हा निकष आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच कायम आहे. घर आणि कामाचे ठिकाण यांच्यातील प्रवासात झालेल्या अपघाताचा संहितेत स्पष्ट उल्लेख आहे. ज्याचे घर हेच कामाचे ठिकाण आहे, त्याला मात्र अपघात आणि काम यांचा संबंध स्वतःच दाखवून द्यावा लागेल. या वादात पडण्यापेक्षा २४ तासांचा, स्थळाचे बंधन नसलेला वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. त्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी साप्ताहिक भरपाईचा लाभ आवर्जून घ्यावा, कारण रोजच्या रोज कमावणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला मोडलेला हात म्हणजे दीड महिन्याची बुडालेली मिळकत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारांना वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती मृत्यू व पूर्ण अपंगत्वाचे संरक्षण मिळते. ते घ्यावेच, पण त्यात मोडलेल्या हाताला काही नाही.

आरोग्य विम्याच्या बाबतीत नोकरदार कंपनीच्या सामूहिक विम्यावर विसंबतात. नोकरी सुटली की तो सुटतो, आणि नोकरी सोडून घरून स्वतःचे काम सुरू करणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. राजीनामा देण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विमापत्रात स्थलांतर करण्याची विचारणा करावी, म्हणजे आधीच्या वर्षांचे श्रेय मिळण्याचा मार्ग खुला राहतो. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार कमाल ३६ महिने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. घराच्या आणि उपकरणांच्या विम्यावर तो अद्याप आहे.

जाता जाता गाडीविषयी. आठवडाभर खाली उभ्या राहणाऱ्या मोटारीचा पूर्ण हप्ता भरणाऱ्यांसाठी, जितके अंतर तितका हप्ता या तत्त्वावरच्या सुविधेला नियामकाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. त्रयस्थ पक्षाचा विमा मात्र गाडी उभी असली तरी बंधनकारकच.

दावा करताना

नुकसान झाल्याबरोबर आधी छायाचित्रे काढावीत, मग पुसापुशी करावी. निकामी वस्तू सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नये; आमच्या घरी सौभाग्यवतींनी प्रिंटर दारात ठेवला होता, तो रद्दीवाल्याच्या हातून मी अक्षरशः परत घेतला. चोरीसाठी पोलिसांत नोंद आणि आगीसाठी अग्निशमन दलाचा दाखला लागतो. खरेदीची बिले, अनुक्रमांक आणि खोलीची छायाचित्रे आजच काढून स्वतःलाच ई-मेल करून ठेवावीत, कारण बिलांची फाइल टेबलाबरोबरच भिजते. २०२४ मधील नियामकाच्या परिपत्रकानुसार सर्वेक्षकाची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. निर्णय मान्य नसेल तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जावे लागते.

आमच्या लॅपटॉपचे म्हणाल, तर कार्यालयाने महिनाभराच्या पत्रव्यवहारानंतर तो स्वखर्चाने बदलून दिला आणि पुढच्या नूतनीकरणात 'कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानी' हे दोन शब्द विमापत्रात वाढवून घेतले. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी नळ बदलला आहे. माझे टेबल मी दीड हात सरकवून खिडकीकडे नेले आहे.